बरणी नंबर चारशे बारा

"डोळे मीट म्हटलं असतं, पण तू काय आता लहान नाहीस," मल्लूदादा म्हणाला आणि त्यानं बरणीवरचा पिवळा फडका उचलला.

काम सुरेख होतं. आधी मला तेवढंच दिसलं, आणि आधी तेवढंच दिसलं याचा मला अजून राग येतो. चौकोनी बरणी, आतलं पाणी नितळ, बुडबुडा एकही नाही. दुधी काचेच्या पाटीवर मातकट रंगाचा एक अवयव अगदी मधोमध बसवलेला. वर दोन जाड शेंगा, खाली एकमेकींना जोडलेल्या, घोड्याच्या नालेसारखा आकार.

"कसं जमलंय?"

"आप्पांनी केल्यासारखं," मी म्हणाले. "दोरा कुठाय?"

"सापडायचा नाही तुला. गाठ मागनं आहे. साहेब घालायचे तशीच."

साहेब म्हणजे माझे वडील, एकनाथ खटावकर. आमच्या गावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, पॅथॉलॉजी विभागाच्या म्युझियममध्ये त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. शवविच्छेदनात डॉक्टरांना काही शिकवण्याजोगं सापडलं की ते आप्पांच्या टेबलावर यायचं. ते धुवायचं, मुरवायचं, पाटीवर शिवायचं, बरणीत बसवून झाकण पक्कं करायचं आणि वर लेबल लावायचं, हे त्यांचं काम. जातीनं आम्ही शिंपी. आप्पांचे आजोबा अंगरखे शिवायचे, आप्पा हे शिवायचे. मल्लूदादा, म्हणजे मल्लिनाथ बिराजदार, शेवटची दहा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. आप्पा निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर तो बसला.

त्या शनिवारी मी आप्पांची हत्यारांची पेटी त्याला द्यायला गेले होते. वाकड्या सुया, काच भोकायचं बारीक गिरमिट, बोरू, टाक. आप्पांना जाऊन आठ महिने झाले होते. बाजाराच्या वळणावर एका टेम्पोनं त्यांच्या सायकलला उडवलं आणि ते त्यांच्याच कॉलेजच्या दवाखान्यात पोचण्याआधीच गेले. आई चार वर्षांपूर्वीच गेली होती. मी एकुलती एक. अग्नी मीच दिला.

मल्लूदादानं पेटी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाला होता, "आधी चल. तुला काहीतरी दाखवायचंय."

आता तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. पोरानं वहीतलं चित्र दाखवावं तसा. मी लेबल वाचायला वाकले. काळी शाई, आप्पांच्या वळणाची ठसठशीत इंग्रजी अक्षरं. नंबर चारशे बारा. खाली जोडलेली मूत्रपिंडं. पुरुष, वय चौसष्ट. रस्त्यावरील अपघात. त्याखाली महिना आणि वर्ष.

मी ते दोनदा वाचलं.

"मल्लूदादा, हे कुणाचं आहे?"

तो या प्रश्नाचीच वाट बघत होता. त्याचे डोळे भरून आले. "त्यांना स्वतःलासुद्धा ठाऊक नव्हतं बघ. आयुष्यभर दुसऱ्यांची मांडली आणि स्वतःच्या पोटात असा नमुना. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, म्हणाले, बिराजदार, तुमच्या गुरूंचं बघा. शालन, मी म्हटलं हे मीच करणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. साहेब आता कायम इथं. पाच महिने लागले मला. डिसेंबरच्या परीक्षेला ठेवली होती बरणी. पंचवीस पोरं होती, एकानंही चुकवलं नाही. सगळ्यांनी ओळखलं."

"काय ओळखलं?"

त्याला माझा आवाज कळला नाही. "हेच की. जोडलेली किडनी."

मला शवागाराबाहेरची ती दुपार आठवली. हाच मल्लूदादा पांढऱ्या गाऊनमध्ये बाहेर आला होता आणि माझ्याजवळ उकिडवा बसून हळूच म्हणाला होता, "टाके मी घातलेत गं. बघितलं तरी कळायचं नाही." मी त्याचे दोन्ही हात धरून रडले होते. त्या दिवसात मला कुणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं. आठ महिने मी भेटेल त्याला सांगत होते, मल्लूदादा होता म्हणून आप्पा घरी नीट आले.

"कुणाला विचारलंस?" मी म्हणाले.

"म्हणजे?"

"हे काढून घेताना. कुणाला विचारलंस?"

तो खरोखर गोंधळला. "विचारायचं कुणाला? अपघाताची केस होती. पोस्टमॉर्टेम तर व्हायचंच होतं."

"मी दाराबाहेर बाकड्यावर बसले होते. दहा पावलांवर. मला दोन कागदांवर सह्या करायला लावल्या. एक पोलिसांचा, एक बॉडी मिळाल्याचा. 'मिळाली' असं लिहिलं होतं त्यावर. हे ठेवून घेऊन बाकीची मिळाली, असं नव्हतं लिहिलेलं."

"अगं, पण साहेबांनी तरी कधी कुणाला..." तो फडक्याची घडी घालायला लागला.

"मला ते घरी न्यायचंय," मी म्हणाले.

"घरी?"

"घरी नाही. स्मशानात. आप्पांचं जे राहिलंय ते मला जाळायचंय. उघड ती बरणी."

"मला नाही उघडता येणार. मॅडमना विचारायला लागतं."

"हां," मी म्हणाले. "त्यांना मात्र विचारायला लागतं."

विभागप्रमुख कर्णिक मॅडम शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. पन्नाशीच्या, खादीची साडी, बोलणं मऊ. आप्पांच्या दहाव्याला येऊन गेल्या होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची पुढे केली.

"बसा शालनताई. चहा सांगू?"

"नको. चारशे बारा नंबरची बरणी मला पाहिजे."

त्यांनी मल्लूदादाकडे पाहिलं. तो दारातच उभा होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट पाहून ठेवलं. त्याच्यावरचा वैताग होता तो. केल्याबद्दलचा नाही, दाखवल्याबद्दलचा.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मी तुमची भावना समजू शकते."

"भावना राहू द्या. ते माझ्या वडिलांचं आहे."

"शिक्षणासाठी आहे ते. तसा फार दुर्मिळ प्रकार नाही, पण इतका स्वच्छ नमुना मिळत नाही. आज इथं शिकणारी पोरं उद्या कुणाच्या तरी पोटावर शस्त्रक्रिया करतील. तेव्हा त्यांना हे आठवेल. कुणाचा तरी जीव वाचेल. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात."

"हो."

"मग पोरांनी शिकायचं कशावर?"

"विचारून घेतलेल्यावर."

त्या थोडं हसल्या. वाईट नव्हतं हसणं, दमलेलं होतं. "शवागाराच्या दारात, रडणाऱ्या माणसांना हे विचारायचं कसं, सांगा. आणि विचारलं तर कोण हो म्हणणार?"

"मी म्हटलं असतं."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"मी त्यांची मुलगी आहे," मी म्हणाले. "शाळेला सुट्टी असली की आप्पा मला इथं आणायचे. या बरण्यांमधून मी धावले आहे. लोकांना जिथं उलटी येते तिथं बसून मी चुरमुरे खाल्लेत. दारात येऊन कुणी म्हटलं असतं, बाई, तुमच्या वडिलांच्या शरीरात असं एक आहे, ते त्यांच्या म्युझियममध्ये ठेवू का, तर मी हो म्हटलं असतं. मला बरं वाटलं असतं. ते 'हो' माझं होतं. तुम्ही ते मागितलंच नाही."

"मग आता मागते," मॅडम म्हणाल्या. पुढे वाकून, अगदी सरळ. "आता विचारते. ठेवू का?"

"आता नाही."

टेबलावरच्या काचेखाली कुठल्यातरी तुकडीचा फोटो होता. मधल्या रांगेत, कडेला, आप्पा उभे होते. हात मागे बांधलेले.

"खटावकरांनी या विभागासाठी आयुष्य घातलं," त्या म्हणाल्या. आवाज आता तितका मऊ नव्हता. "त्यांच्याच मुलीनं असं करावं?"

"आयुष्य घातलं. किडनी घातली नव्हती."

"ठीक आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग रीतसर बोलू. म्युझियममधली वस्तू अशी कुणाला काढून देता येत नाही. ती सरकारी मालमत्ता आहे. तुम्ही म्हणता ते तुमच्या वडिलांचं आहे. कशावरून? बरणीवर नाव नाही. इथं कुणाचंच नाव नसतं. नंबर, वय, आजार. टेबलावर आलं की नावाची चिठ्ठी फाडून टाकायची, हा नियम आहे, आणि हा नियम तुमच्या वडिलांनीच घालून दिला. माणसाची अब्रू राहावी म्हणून. मला तर तो फार मोलाचा वाटतो. तेव्हा, कागद दाखवा. नसेल तर माझा नाइलाज आहे."

आप्पांचा तो नियम मला ठाऊक होता. लहानपणी मी एखाद्या बरणीकडे बोट करून "हे कोण होतं?" असं विचारलं की ते म्हणायचे, "इथं कोण नसतं, शालू. इथं फक्त काय असतं." मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते शाळेत मैत्रिणींना सांगायची.

"मॅडम," दारातून मल्लूदादा म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका, बिराजदार."

"नाव आहे."

"काय?"

"लेबलाच्या मागं. पेन्सिलीनं." तो आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता. उंबऱ्याकडे बघत बोलत होता. "शाई पाण्यात जाते, पेन्सिल जात नाही. साहेब चिठ्ठी फाडायच्या आधी नाव लेबलाच्या पाठीवर उतरून घ्यायचे, मग खळ लावून चिकटवायचे. मागं दुधी काच असते, त्यामुळं दिसत नाही. मीपण तसंच केलंय."

त्याची नोकरीची बारा वर्षं राहिली होती. दोन मुली शिकत होत्या. हे मला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी त्याची मला जराही कीव आली नाही, हेही खरं आहे.

आम्ही तिघं म्युझियममध्ये गेलो. त्यानं कापूस ओला करून चारशे बाराच्या लेबलावर धरला. पाच मिनिटं तसाच दाबून ठेवला. मग त्यानं नखानं एक कोपरा उचलला आणि लेबल अलगद सोलून तळहातावर उलटं घेतलं. एकनाथ गोविंद खटावकर. शिंपी गल्ली.

मॅडमनी ते वाचलं. "हे असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"आणखी कितींच्या मागे आहे?"

"साहेब आल्यापासूनच्या सगळ्यांच्या. शंभर नंबरच्या पुढच्या सगळ्या त्यांच्याच."

मॅडमनी एकवार सगळ्या कपाटांवरून नजर फिरवली. भिंतीभर, छतापर्यंत बरण्या. "हा गोपनीयतेचा भंग आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"कुणापासूनची गोपनीयता?" मी म्हणाले. "माझ्यापासूनची?"

त्या कपाटांकडे पाठ करून म्हणाल्या, "घेऊन जा. कागद करू नका. आणि बाहेर हे कुठं बोलू नका, मी हात जोडते." त्यांनी खरंच हात जोडले. लाज नव्हती ती, भीती होती. मला तेवढी पुरली.

त्या गेल्यावर मल्लूदादानं बरणी टेबलावर घेतली. आप्पांची पेटी उघडली, पातळ पात्याची सुरी काढून झाकणाची कड सोडवली. फॉर्मालिनचा वास डोळ्यांत गेला. लहानपणी आप्पा घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हा वास असायचा. मी त्यात तोंड खुपसायची आणि आई ओरडायची. मल्लूदादानं पाटी बाहेर काढून उलटी केली. मागे सात गाठी होत्या, ओळीनं, एकसारख्या. तो एकेक कापायला लागला.

"माझं चुकलं का गं?"

"चुकलं."

"साहेब असते तर रागावले असते?"

"ते कशाला रागावतील? त्यांनीच शिकवलं तुला."

त्यानं दुसरी गाठ कापली. "तसं नव्हतं गं त्यांचं. नावं ते विसरत नसत. पानसुद्धा ठेवायचे ना घरी. मला सांगितलं होतं त्यांनी."

सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे एक पान जादा वाढलं जायचं. आजोबांचं, आजीचं, आणि आणखी एक. हे कुणाचं, असं मी विचारलं की आप्पा म्हणायचे, "ऑफिसातल्या माणसांचं." त्या पानासमोर ते डोळे मिटून बसायचे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचे, कितीतरी वेळ. आई स्वयंपाकघरातून टोमणा मारायची, "आटपा. तुमच्या ऑफिसात एवढी माणसं मरतात तरी कशी? भात गार झाला." मी हसायची. ऑफिसातली माणसं जेवायला का येत नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. आप्पा म्हणाले होते, "लांब राहतात."

आणि आता मला कळलं की लांब कुणीच राहत नव्हतं. नावापुढे गल्ली लिहिलेली होती.

"शंभर नंबरच्या पुढच्या म्हणालास ना?"

"होय. का?"

मी तिसऱ्या कपाटाकडे गेले. खालून दुसरा कप्पा. ती बरणी कुठे असते हे मला झोपेतही सांगता आलं असतं. नंबर एकशे एकोणतीस. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीला आलेला फुगा. लहानपणी मी तिला फुग्याची बरणी म्हणायची. आप्पा मला उचलून दाखवायचे, "हा फुगा एका दिवशी फुटला बघ," आणि मी टाळ्या वाजवायची.

"नको काढू शालन," मल्लूदादा म्हणाला. "एक काढलीस की सगळी निघतील."

मी कापूस घेतला. जुनं लेबल लवकर सुटेना. सुटलं तेव्हा कागद पिवळा पडला होता, पण पेन्सिल जशीच्या तशी होती. सुगंधा दत्तू माने. गवळी गल्ली.

मी ते हातात धरून तिथेच खाली बसले.

गवळी गल्लीच्या तोंडाशी आनंदा मानेचं सायकलचं दुकान आहे. आप्पा वीसेक वर्षं दर सोमवारी सकाळी तिथं हवा भरायला थांबायचे. टेम्पोखाली चेपलेली सायकल पोलिसांकडून सोडवून आनंदानंच नेली होती. भंगारात घालू दिली नव्हती. "आप्पांची सायकल हाय ताई. मी सरळ करून देतो. येळ लागंल." त्या शनिवारी सकाळी मी दुकानावरून गेले तेव्हाही त्यानं हाक मारली होती, "ताई, रिम आली. उद्या घिऊन जावा." आणि आप्पा गेले त्या आठवड्यात भेटायला आला तेव्हा तो म्हणाला होता, "माझी आई बी अशीच गेली बघा. भाकरी थापता थापता. दवाखान्यात नेली, ते म्हणाले चिरफाड करायला लागंल. आप्पांनी लई धावपळ केली हो. सांजच्या आत बॉडी हातात दिली. उपकार हायेत त्यांचे."

आप्पांना नाव ठाऊक होतं. गल्ली ठाऊक होती. वीस वर्षं दर सोमवारी ते त्या माणसासमोर उभे राहिले, त्यानं त्यांच्या चाकात हवा भरली, आणि वर्षातून एकदा यांनी त्याच्या आईला पानावर भात वाढला. त्याला न सांगता. सांगणं दोन मिनिटांचं काम होतं. मी कर्णिक मॅडमवर जेवढी चिडले होते तेवढी त्या क्षणी आप्पांवर चिडले. त्यांच्या अंगाचा तुकडा समोर टेबलावर होता म्हणून तो राग कमी झाला नाही. वाढला.

"हे परत चिकटवू?" मल्लूदादानं लेबलासाठी हात पुढे केला.

"नको," मी म्हणाले. ते मी पर्समध्ये ठेवलं.

अवयव नळाच्या पाण्याखाली ठेवायला लागणार होता, वास जायला. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला मल्लूदादा तो पांढऱ्या धुवट कापडात गुंडाळून नदीकाठच्या स्मशानात घेऊन आला. अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून आला होता. मी त्याच्या हातून ते घेतलं. ओंजळीएवढं ओझं.

स्मशानातला माणूस विडी विझवून उठला. माझ्या हातातलं बघून त्यानं आवाज खाली आणला. "किती म्हैन्याचं?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"चौसष्ट वर्षांचे आहेत," मी म्हणाले.

त्यानं मल्लूदादाकडे पाहिलं. मल्लूदादानं मान खाली घातली. मग त्या माणसानं चार लाकडं रचली, दोन शेण्या ठेवल्या. मला वाटलं होतं फार वेळ लागेल. अर्ध्या तासात झालं.

"तू आता मला दादा म्हणणार नाहीस ना?" परत येताना पुलावर मल्लूदादानं विचारलं.

"म्हणेन," मी म्हणाले. "पण आज नको विचारूस."

तिथून मी सरळ गवळी गल्लीत गेले.

आनंदा माने दुकानाच्या दारात पोत्यावर बसला होता. शेजारी आप्पांची सायकल स्टँडवर उभी होती. नवी रिम, हँडल सरळ, मडगार्डवर काळा रंग नुकता मारलेला. चाक तो हातानं फिरवून बघत होता, डोळा बारीक करून.

"या ताई. बघा, जराबी वाकडं पळत न्हाई." त्यानं पुन्हा चाक फिरवलं. "आप्पा असते तर म्हणाले असते, आनंदा, तुझ्या हातात डॉक्टरकी हाय."

"आनंदाभाऊ, मला तुमच्याशी बोलायचंय."

"मजुरीचं बोलणार असाल तर बोलू नगा."

"तुमच्या आईबद्दल."

त्यानं चाक धरून थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मग आतून लाकडी स्टूल आणलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

मी बसले. पर्समधून ते लेबल काढलं आणि त्याच्या हातात दिलं. आधी इंग्रजी बाजू वर होती, ती त्याला वाचता येईना. मी म्हटलं, उलटं करा. त्यानं उलटं केलं. ग्रीस लागलेल्या बोटांनी कडेला धरून तो कितीतरी वेळ ते एवढंसं वाचत राहिला.

मग मी सांगितलं. काही गाळलं नाही. काय काढलं, कुठं ठेवलं, कधीपासून आहे. फुग्याची बरणी म्हणून मी टाळ्या वाजवायची, तेही सांगितलं. अमावास्येच्या पानाचं सांगितलं. माझ्या वडिलांचं मी आत्ताच जाळून आले, त्याला हवं असेल तर त्यालाही आईचं मागता येईल, आणि ठेवायचं असेल तर तेही त्यानंच ठरवायचं, एवढं बोलून मी थांबले.

समोरून एक बाई दुधाची किटली घेऊन गेली. "आनंदा, पंप दे रं," असं कुणीतरी म्हणालं, त्यानं न बघता पंप पुढे सरकवला.

मी वाट बघत होते की तो ओरडेल. मला ते हवं होतं. कर्णिक मॅडमवर, मल्लूदादावर, माझ्यावर, कुणावरही. बरोबर जाऊ म्हणाला असता तर मी त्याच पावली गेले असते.

"ताई," तो म्हणाला, "हे अक्षर कुणाचं?"

"आप्पांचं."

"म्हंजी आप्पांना ठावं होतं."

ते विचारणं नव्हतं, आणि होतंही. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर होती. चाळीस-पन्नास प्रकारे मला त्याचं उत्तर देता आलं असतं. त्यांची नोकरी होती. तो काळ तसा होता. त्यांनी निदान नाव तरी राखलं. रोज काही ना काही वाचणारी बाई मी, शब्दांना कमी नव्हती. या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली, आणि अजूनही एखादं नवं उत्तर सुचतं.

"हो," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. लेबल सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं. मग उठला, आप्पांच्या सायकलचा स्टँड पायानं वर केला आणि हँडल माझ्या हातात दिलं.

"हवा तेवढी भरायची ऱ्हायलीय," तो म्हणाला. "ती तुमी दुसरीकडं भरून घ्या."